दोन किलोंची जागा

"आधी जड ठेवायचं. हलकं मग आपली जागा आपण शोधतं."

आबा हे वजनांबद्दल म्हणायचे. पारड्यात वजनं टाकताना मोठ्यापासून सुरुवात करायची आणि लहान लहान करत खाली यायचं, नाहीतर दिवसभर नुसती उचलठेव होते. पण आबांच्या बोलण्यात दुकान कुठे संपलं आणि घर कुठे सुरू झालं हे त्यांच्या मुलांना कधी नीट कळलं नाही. म्हणून त्यांच्या थोरल्या मुलीनं, म्हणजे अक्कानं, सहासष्ट वर्षं कपाट लावताना, पिशवी भरताना, एवढंच काय पण कुणाला वाईट बातमी सांगतानाही आधी जड ठेवलं होतं.

आणि आज तिच्याच बॅगेत, जन्मात पहिल्यांदा परदेशी निघालेल्या बॅगेत, सगळ्यात तळाशी मास्तरीणबाईंचे स्वेटर होते.

स्वेटर नऊ होते. मास्तरीणबाई म्हणजे अक्काच्या धाकट्या भावाची बायको. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण घरात अजून कुणी त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नसे. स्वेटर त्यांनी परदेशातल्या नणंदेच्या दोन मुलांसाठी विणले होते. माप घेतलं होतं ते शेवटच्या फोटोवरून. त्या फोटोत थोरला दहा वर्षांचा होता. आता तो तिशीला आला होता आणि डोक्यावरचे केस सांभाळत होता.

"जरा ताणले की बसतील," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आई, तो सहा फूट आहे," त्यांची मुलगी म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती आणि घरात तिला सगळे दातवाली म्हणत. दुपारी दवाखाना बंद करून ती आत्याची बॅग भरायला आली होती आणि येताना टूथपेस्टच्या सोळा नळ्या घेऊन आली होती.

भाऊनं त्या मोजल्या. "सोळा? का गं, तिकडच्या लोकांना दात नसतात?"

"बाबा, ही हिरड्यांची आहे. ही तिकडे मिळत नाही."

"धाकटीनं कळवलं होतं का तसं?"

"तिनं स्वेटरचंही कळवलं नव्हतं."

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. दातवालीनं टूथपेस्ट भराभर बॅगेच्या कडेला खोचून टाकल्या.

अक्का खुर्चीत बसून हे बघत होती. तिचे स्वतःचे कपडे अजून पलंगावरच होते. बॅग तिची, तिकीट तिचं, पण बॅगेत तिचा नंबर शेवटचा लागणार हे तिनं सकाळीच ओळखलं होतं. तिला त्याचं फारसं वाटलंही नाही. तिचा जीव अडकला होता तो पलंगाखालच्या एका लाकडी पेटीत, आणि ती अजून तिनं बाहेर काढली नव्हती.

तिकीट धाकटीनं पाठवलं होतं. धाकटी म्हणजे या दोघांची लहान बहीण. एकतीस वर्षांपूर्वी लग्न करून गेली ती परत आली नाही. आता तिचा नवरा राहिला नव्हता, मुलं आपापल्या गावी होती आणि खुब्याचं हाड बदलायचं होतं. फोनवर ती अक्काला म्हणाली होती, "तीन महिने ये. फार काही आणू नकोस. तुमचा काटा मला माहीत आहे."

काटा बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात उभा होता. गुडघाभर उंचीचा लोखंडी चौथरा, त्याच्या मागे खांब आणि खांबावर पितळी दांडी. दांडीवर पुढेमागे सरकणारं मुठीएवढं एक वजन. खाली आबांचं काटेदुरुस्तीचं दुकान होतं. आता ते भाऊ चालवत होता. वाण्यांचे, टपालाचे, दवाखान्यांचे, सगळ्यांचे काटे तिथे येत. अक्का दुकानाच्या मागच्या खोलीत बसे. वजन कमी भरलं तर त्याच्या पोटातल्या भोकात शिसं ओतायचं, ते बरोबर झालं की त्यावर महिना आणि साल ठोकायचं, हे तिचं काम. दुकानात काटे पन्नास असत, पण ते लोकांचे आणि बिघडलेले. दुरुस्त झालेला काटा संध्याकाळच्या आत घरी जाई. धड काटा म्हणावा असा एकच, वरचा. त्यावर आबांचा शिक्का होता.

या काट्याला घरात कधी कुणी तपासलं नव्हतं. आबांचा काटा तपासायचा म्हणजे आबांना तपासायचं. अकरा वर्षांपूर्वी त्यावर मास्तरीणबाई सत्तर भरल्या आणि त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या काट्यावर चौसष्ट. भाऊ शांतपणे म्हणाला होता, "त्या डॉक्टरनं आपल्याकडे कधी काटा आणलाय का तपासायला? मग." तेव्हापासून मास्तरीणबाईंनी साखर सोडली, संध्याकाळचं जेवण सोडलं आणि रोज सकाळी त्या काट्यावर चढत. आकडा भाऊ वाचून दाखवत असे. तो सत्तरच्या आसपासच राहिला.

"चला, चढवा," भाऊ म्हणाला.

बॅग चौथऱ्यावर चढली. अक्काचे कपडे सगळ्यात वर, कसेबसे. भाऊनं करंगळीच्या नखानं दांडीवरचं वजन एकेक रेघ पुढे सरकवलं. दांडी डुलली, थरथरली आणि सरळ राहिली.

"तेवीस," भाऊ म्हणाला. पाळण्यातल्या मुलाचं नाव जाहीर करावं तसं. "ना वर, ना खाली. विमानवाले तेवीस म्हणतात, आपण तेवीस देतो."

तेव्हा अक्का उठली. पलंगाखालून पेटी काढून तिनं टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत मखमलीच्या खळग्यात पितळेचं एक वजन होतं. दोन किलोचं.

"माझं एक राहिलंय," ती म्हणाली.

ते कुणाचं आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. आबांनी आपली मूळ वजनं, ज्यांच्यावर बाकी सगळी वजनं तपासायची ती, मुलांत वाटली होती. दुकान भाऊचं म्हणून दहा किलोचं त्याला, पाच किलोचं अक्काला, दोन किलोचं धाकटीला. मात्र धाकटीचं घरातच राहिलं. जायच्या दिवशी तिची बॅग याच काट्यावर चढली आणि पंचवीस भरली. विमानवाल्यांचे तेव्हाही तेवीसच होते. आबांनी सगळ्यांसमोर बॅग उघडली, तळाशी हात घालून हे वजन बाहेर काढलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी ने." धाकटी म्हणाली, "माझाच वाटा जड झाला का, आबा?" आणि जिना उतरून गेली. पुढची वेळ आली नाही. वर्षाकाठी पत्र यायचं ते अक्काच्या नावानं.

नऊ वर्षांपूर्वी आबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी अक्काचा हात धरला होता. "धाकटीचं तिला पोचव. पार्सलनं नाही. तू जा." अक्का म्हणाली होती, "पोचवीन." तेव्हा ती शेजारच्या गावीसुद्धा एकटी गेली नव्हती.

"अक्का," भाऊ म्हणाला, "तेवीस झालेत."

"ऐकलं मी."

"आत्या, हातातल्या पिशवीत नाही चालणार," दातवाली म्हणाली. "मी विचारलंय त्यांना. डोक्यात घालता येईल असं काहीही जवळ ठेवू देत नाहीत."

"मी कुणाच्या डोक्यात घालणार आहे?"

"ते त्यांना माहीत नाही ना."

"मग जास्तीचे पैसे भरू या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

भाऊनं बायकोकडे असं पाहिलं की जणू तिनं दुकान जाळायचं सुचवलं. "आपल्या घरची बॅग जास्त भरली म्हणून दंड? काटेवाल्यांची? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? तिथे कोण ओळखतंय?"

"मी ओळखतो ना."

मग काहीतरी काढायचं ठरलं. मास्तरीणबाईंचं मत पडलं की टूथपेस्ट काढाव्यात. दातवालीचं मत स्वेटरांवर पडलं. दोन किलोंसाठी स्वेटर सात काढावे लागतात, हे कळल्यावर मास्तरीणबाईंनी उरलेले दोन कुठल्या मुलाला द्यायचे आणि कुठल्याला नाही असा प्रश्न टाकला, आणि तो नीतीचा प्रश्न असल्यानं तिथेच राहिला. तेव्हा मायलेकी एकदम भाऊकडे वळल्या. सकाळपासून एकमेकींशी धड न बोललेल्या त्या दोघींचं एवढ्यापुरतं जमलं.

"फाइल काढा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

फाइल भाऊची होती. दुकान त्याच्या एकट्याच्या नावावर व्हायचं तर धाकटीच्या सह्या लागत होत्या. सात ठिकाणी. त्यानं प्रत्येक ठिकाणी पेन्सिलनं फुली करून ठेवली होती.

"फाइल तीनशे ग्रॅम आहे," भाऊ म्हणाला. "तिनं काय होणार?"

"सुरुवात होईल," दातवाली म्हणाली.

"तू गप्प बस."

दातवाली गप्प बसली खरी, पण तिनं पर्समधून एक छोटा हुकाचा काटा काढला. बॅगेच्या मुठीला अडकवून उचलायचा, स्प्रिंगवरचा. "मैत्रिणीचा आहे. ती सारखी फिरत असते. याच्यावर बघू या तरी." आणि कुणी हो-ना म्हणायच्या आत दोन्ही हातांनी बॅग उचलली. चेहरा लाल करून ती म्हणाली, "एकवीसच्याही जरा अलीकडे."

अक्कानं मान वर केली. मास्तरीणबाईंनीही केली.

भाऊनं तो काटा मुलीच्या हातातून घेतला, उलटासुलटा केला, एकदा ओढून सोडला. मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून खिडकीपाशी गेला. दहा मिनिटं त्याची पाठच दिसत होती. परत येऊन त्यानं काटा बॅगेला अडकवला आणि उचलला. तेवीस.

"स्प्रिंग फार ताठ होती," तो म्हणाला. "आता बरोबर आहे. मैत्रिणीला सांग, पैसे नकोत."

अक्कानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच वाईट नव्हतं. प्रत्येकाला आपापलं काहीतरी पोचवायचं होतं.

भाऊनं पेटीचं झाकण स्वतःच हलकेच लावलं. "पुढच्या वेळी ने, अक्का," तो म्हणाला.

आपण काय बोललो हे बोलून झाल्यावर त्याला समजलं असावं. तो लगेच खाली दुकानात गेला, आणि त्या दिवशी दुकान बंद होतं.

अक्काचा एक नेम होता. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन, चहाच्या आधी, कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी, ती पेटी उघडून ते दोन किलोचं वजन मऊ कापडानं पुसायची. पुसून झालं की क्षणभर दोन्ही हातांवर धरायची आणि परत ठेवायची. देवाला हात जोडायचे ते त्यानंतर. एकतीस वर्षांत हा नेम तापातही चुकला नव्हता. ती काही मागत नसे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आहे, ती स्वच्छ असावी, एवढंच.

निघायच्या दिवशीही ती साडेपाचला उठली आणि वजन पुसलं. पण आज ते पेटीत गेलं नाही.

तिनं मनाशी ठरवलं होतं. कुणाचं काही काढायचं नाही, आपलंच काढायचं. तिनं बॅग उघडली आणि वरून आपला गरम कोट, शाल, बूट आणि दोन जाड कपडे काढून काट्यावर ठेवले. दांडीवरचं वजन सरकवलं. बरोबर दोन किलो. थंडी वाजेल खरी, पण धाकटीच्या घरी काहीतरी अंगावर घ्यायला असेलच. नाहीतर दहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर होताच.

कपडे उतरवून तिनं त्यांच्या जागी धाकटीचं वजन ठेवलं. खरं तर मूळ वजन साध्या काट्यावर चढवायचं नाही हा आबांचा दंडक. ते झिजतं. पण काटेवाल्याच्या लेकीला खात्री केल्याशिवाय चैन पडत नाही.

दांडी वर उचलली गेली.

अक्कानं सरकतं वजन एक रेघ पुढे नेलं. दांडी खाली यायला तयार नव्हती. आणखी एक रेघ नेली, तेव्हा दांडी सरळ झाली. दोन किलो दोनशे.

तिनं डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग आत जाऊन आपल्या वाट्याचं पाच किलोचं वजन आणलं आणि ते एकटं ठेवून पाहिलं. साडेपाच.

पाचाला पाचशे, दोनाला दोनशे. रिकामा काटा अगदी सरळ उभा राहायचा, आणि ठेवलेल्या प्रत्येक किलोमागे शंभर ग्रॅम जास्त सांगायचा. हे गंजानं होत नाही, धुळीनं होत नाही. हे एकाच गोष्टीनं होतं, आणि अक्काला ती माहीत होती कारण तिचा जन्म त्यातच गेला होता. तिनं दांडीवरचं सरकतं वजन उचलून उलटं केलं. पोटातल्या भोकावर शिशाची टिकली होती आणि टिकलीवर आबांचा शिक्का. तिनं नखानं टिचकी मारली. आवाज पोकळ आला. आतलं शिसं कुणीतरी काढून वर पातळ टिकली बसवली होती. सरकतं वजन हलकं झालं की ते जास्त पुढे न्यावं लागतं, आणि आकडा फुगतो.

शिक्क्यावर महिना आणि साल होतं. धाकटी गेली तो महिना. तेच साल.

सरकतं वजन परत साडेपाचावर लावून अक्का स्टुलावर बसली. तिनं मनात हिशोब केला. कालचे तेवीस म्हणजे वीस किलो नऊशे नऊ ग्रॅम. दातवालीचा हुक खरं बोलत होता. दोन किलो घातले तरी बावीस नऊशे नऊ. वजन मावत होतं. कुणाचंही काही न काढता मावत होतं.

आणि तेव्हाचे पंचवीस म्हणजे बावीस सातशे. धाकटीचंही मावत होतं.

आता वजन न्यायचं तर सांगावं लागणार होतं की आबांचा काटा खोटा आहे. निघण्याआधी भाऊ शेवटचं वजन केल्याशिवाय बॅग जिना उतरू देणार नव्हता. आणि न सांगावं तर आबांना दिलेला शब्द पेटीत बंद करून ठेवावा लागणार होता. आबांचा शब्द आणि आबांचा शिक्का, दोन्ही एकदम राखता येतील अशी वाट तिला दिसत नव्हती.

"काय झालं, अक्का?"

मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. हातात त्यांचा बिनसाखरेचा चहा. रोजच्या वेळी काट्यावर चढायला आल्या होत्या.

अक्काला खोटं बोलता येत नसे. तिनं काट्याकडे बोट दाखवलं. मास्तरीणबाईंनी पाचाचं वजन पाहिलं, दांडीवरचा आकडा पाहिला. गणित त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. त्यांना फार वेळ लागला नाही.

"म्हणजे मी..."

"चौसष्ट," अक्का म्हणाली. "त्रेसष्ट आणि थोडं वर."

"डॉक्टरही हेच म्हणाला होता."

"हो."

"अकरा वर्षं, अक्का."

"हो."

मास्तरीणबाईंनी हातातल्या कपाकडे पाहिलं. विहिरीत पडलेल्या वस्तूकडे बघावं तसं बराच वेळ पाहिलं. मग कप खिडकीत ठेवून पदर खोचला आणि बॅगेसमोर खाली बसल्या. "आधी जड ना? मग माझे स्वेटर वर घ्या सगळे. धरा ती बाजू."

दोघींनी बॅग तळापर्यंत रिकामी केली. मधोमध वजन, त्याच्या भोवती बूट, मग टूथपेस्ट, मग फाइल, कोट, आणि सगळ्यात वर नऊ स्वेटर. आबा म्हणायचे ते खरं होतं. कालपर्यंत जबरदस्तीनं बंद होणारी बॅग आज एका हातानं बंद झाली.

"ह्यांना कोण सांगणार?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मी," अक्का म्हणाली. ते सगळ्यात जड होतं, आणि ते आधी ठेवायला हवं होतं.

भाऊ आठ वाजता आला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. विमानात तोच बसणार असल्यासारखा. मागून दातवाली गाडी आल्याचं सांगायला आली.

"शेवटचं वजन," भाऊ म्हणाला आणि बॅग चौथऱ्यावर चढवली.

नख एकेक रेघ पुढे गेलं. तेवीस मागे पडले. चोवीस मागे पडले. पंचवीस दोनशेवर दांडी सरळ झाली.

"अक्का, बॅग उघड."

"नाही."

"पंचवीस दोनशे आहेत."

"पंचवीस दोनशे आहेत, आणि तेवीसच्या आत आहेत."

असं वेडगळ बोलणं भाऊनं कधी ऐकून घेतलं नसतं. ते कसं काय, असं त्यानं विचारायला हवं होतं. त्यानं विचारलं नाही. तो नुसता दांडीवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याच्या त्या न विचारण्याकडे अक्का बघत राहिली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

भाऊनं स्टूल ओढलं आणि बसला. बराच वेळ शर्टाची बाही नीट करत राहिला.

"त्या हुकाची स्प्रिंग चांगली होती," तो शेवटी म्हणाला. "कुणाचा धड काटा मी बिघडवला असेल तर तो एवढाच."

"कधीपासून माहीत आहे?"

"आबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यापासून. त्यांनीच सांगितलं. धाकटी जायच्या आधी त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, विमानतळावर बॅग जास्त भरली की सगळ्यांसमोर उघडायला लावतात. माणसं आपले कपडे हातात घेऊन उभी असतात. आपल्या पोरीवर ती वेळ नको. आणि तिथल्या काट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, तुला माहीतच आहे. म्हणून गुपचूप शिसं काढलं. काटा जास्त दाखवेल, म्हणजे ती कमीच भरेल. दोन किलो हाताशी राहतील, म्हणाले."

"आणि तिनं वजन तळाशी ठेवलं."

"त्यांना न सांगता. काट्यावर पंचवीस. घरात माणसं भरलेली, शेजारी आलेले. आता सगळ्यांसमोर म्हणायचं कसं की काटा चुकीचा आहे, मीच बिघडवलाय?" भाऊनं दांडीवरचं वजन बोटानं जरासं हलवलं. "तेव्हा त्यांनी वजन काढलं. म्हणाले, ती परत आली की तिच्यासमोर शिसं भरीन. तोवर हात लावायचा नाही. त्यांनी लावला नाही, म्हणून मीही लावला नाही."

पोरीला चारचौघांत बॅग उघडायला लागू नये म्हणून केलं, आणि बॅग शेवटी चारचौघांत आबांनीच उघडली. अक्काच्या मनात हे आलं. भाऊच्याही मनात तेच असणार.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर हिला सांगावं लागलं असतं."

ही दारातच उभी होती.

"नऊ वर्षं तुम्हाला माहीत होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो."

"रोज सकाळी मी त्यावर चढत होते."

"हो."

"आणि आकडा तुम्ही वाचून दाखवत होता."

भाऊनं दातवालीकडे पाहिलं. दातवालीनं आपल्या नखांकडे पाहिलं.

"हो," भाऊ म्हणाला.

मास्तरीणबाई आत गेल्या. स्वयंपाकघरातून साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग चमच्याचा. चमच्याचा आवाज तीनदा आला. थोड्या वेळानं भाऊसाठीही चहा आला. पहिल्याच घोटाला भाऊच्या लक्षात आलं की त्यात साखर नाही. त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

कप ठेवून तो उठला आणि बॅग उघडली. पण त्यानं तळाशी हात घातला नाही. स्वेटर आणि कोट बाजूला सारून आपली फाइल काढली आणि टेबलावर ठेवली.

"बाबा, मावतंय की सगळं," दातवाली म्हणाली. "आत्यानं हिशोब केलाय. बावीस नऊशे नऊ."

"काठोकाठ भरलेली बॅग आबांनी बाहेर सोडली नसती," भाऊ म्हणाला. मग खाली दुकानात गेला आणि एक जुनी काड्यापेटी घेऊन आला. ती त्याच्या हातात नको तितकी जड वाटत होती. आत मळकट शिशाचा गोळा होता.

"एक्क्याण्णव ग्रॅम," तो म्हणाला. "काढलेलं शिसं आबांनी जपून ठेवलं होतं. हेही तिलाच दे. म्हणावं, काटा अजून तसाच आहे. तिनं येऊन भरून जावं."

"आणि सह्या?"

"आली तर करेल." त्यानं बहिणीकडे न बघता बॅगेची चेन लावली. "नाहीतर राहू दे."

काड्यापेटी वरच्या स्वेटरात गुंडाळून ठेवायची राहिली होती, म्हणून चेन पुन्हा उघडावी लागली. ते काम मास्तरीणबाईंनी केलं. धाकट्या भाच्याचा निळा स्वेटर त्यांनी निवडला. लोकर त्याचीच जाड होती.

बॅग भाऊनं आणि गाडीवाल्यानं मिळून उतरवली. अक्का मागे राहिली. रिकाम्या पेटीचं झाकण लावून तिनं ती पलंगाखाली सरकवली. नेमाचं मऊ कापड टेबलावर पडलं होतं. तिनं त्याची घडी केली. उद्या सकाळी ते लागणार होतं, ती जिथे असेल तिथे. आणि परवा सकाळी ते कापडही ज्याचं त्याला देऊन टाकायचं होतं. तिनं घडी पर्समध्ये ठेवली, पासपोर्टच्या आत.

काट्याजवळून जाताना तिनं दांडीवरचं वजन शून्यावर आणून ठेवलं. दांडी सरळ राहिली.

मग कठड्याला धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत, ती एकतीस वर्षांपूर्वी धाकटी उतरली तोच जिना उतरू लागली.